वासाने आजारी पडणाऱ्यांची तपासणी नीट व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघते. सुतार बसतो, पॉलिशवाला येतो, सोसायटीत पेस्ट कंट्रोल होते. त्या दिवसांत डोके दुखले, घसा खवखवला, मळमळले तरी कुणी फारसे मनावर घेत नाही, कारण बहुतेकांचा त्रास वासाबरोबर निघून जातो. काहींचा मात्र जात नाही. पुढे त्यांना अत्तर, उदबत्ती, कपड्यांचा डिटर्जंट, ताज्या छपाईचा वास, डिझेलचा धूर अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींनीही तसेच होऊ लागते, आणि तेही शेजारी बसलेल्याच्या लक्षातही येणार नाही इतक्या कमी प्रमाणात. या अवस्थेला मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी, थोडक्यात एमसीएस, म्हणतात. अशा माणसाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. घरचे आणि ऑफिसातले म्हणतात, नखरे आहेत. दुसरीकडे कुणीतरी सांगते, शरीरात विष साठले आहे, ते काढण्याचे पॅकेज घ्या. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे बरा होण्याजोगा आजार तपासायचा राहून जातो. म्हणून हे पत्र.

शिकागोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५०च्या दशकात अशा रुग्णांबद्दल लिहायला सुरुवात केली. १९८७ मध्ये येल विद्यापीठातले मार्क कलन यांनी कामाच्या ठिकाणी रसायनांशी संबंध आलेल्या रुग्णांच्या अनुभवावरून या अवस्थेची व्याख्या केली. १९९९ मध्ये काही डॉक्टरांनी आणि संशोधकांनी एकत्र येऊन सहा निकष ठरवले: त्रास जुनाट असावा; तेच रसायन पुन्हा आले की तोच त्रास पुन्हा व्हावा; पूर्वी सोसणाऱ्या किंवा इतरांना सोसणाऱ्या अल्प मात्रेनेही तो व्हावा; ती वस्तू दूर केली की त्रास कमी व्हावा; तो एकाहून अधिक, रासायनिकदृष्ट्या वेगवेगळ्या पदार्थांनी व्हावा; आणि शरीराच्या एकाहून अधिक संस्थांमध्ये, म्हणजे डोके, श्वास, पोट, त्वचा असा, जाणवावा. यात एकही रक्तचाचणी नाही, कारण एमसीएस सिद्ध करणारी रक्तचाचणी आजही उपलब्ध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा नाही. जपानने मात्र २००९ मध्ये विम्याच्या दाव्यांसाठीच्या आजारांच्या यादीत त्याचे नाव घातले.

हे निकष लावण्याच्या आधी करायचे काम जास्त महत्त्वाचे आहे. वासाने त्रास होतो म्हणणाऱ्या माणसाला असे काही आजार असू शकतात ज्यांचे कारण ठाऊक आहे, तपासणी उपलब्ध आहे आणि उपचारही आहेत.

पहिला धोका गॅस गीझरचा. बंद, छोट्या न्हाणीघरात गॅस गीझर लावला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आंघोळीनंतर डोके जड होणे, मळमळ, पायांतली शक्ती गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतात आणि दोष साबणाच्या वासाला दिला जातो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालेच वाटते आणि आकडा ९८ दिसतो. असे हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन, थेट तपासावे लागते, आणि तेही लवकर, कारण मोकळ्या हवेत चार-पाच तासांत ते निम्म्यावर येते. उपाय सोपा आहे. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि फक्त नळ आत न्यायचा. याने जीव जातात, म्हणून हे सर्वांत आधी सांगितले.

दुसरा दमा. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये ते कडक होण्यासाठी मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा होतो हे पक्के सिद्ध आहे आणि एकदा शरीर त्याला सरावाऐवजी वैराने ओळखू लागले की अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. पॉलिश मारणाऱ्या कारागिराला याचा धोका घरमालकापेक्षा कितीतरी जास्त. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे अ‍ॅसिड एकत्र ओतल्यावर क्लोरीन निघतो. तो एकदाच पण भरपूर छातीत गेला तर चोवीस तासांच्या आत दम्यासारखा त्रास सुरू होऊन महिनोन् महिने टिकू शकतो. १९८५ मध्ये या आजाराला रिअ‍ॅक्टिव्ह एअरवेज डिसफंक्शन सिंड्रोम असे नाव मिळाले. अशा रुग्णाची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, हवीच. सोबत फुंकरीचा जोर मोजणारा काहीशे रुपयांचा पीक फ्लो मीटर घेऊन दिवसातून चार वेळा फुंकावे: उभे राहून, नळीभोवती ओठ घट्ट मिटून, प्रत्येक वेळी तीनदा, आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा त्याच क्षणी लिहावा. निदान दोन आठवडे, त्यात कामाचे दिवस आणि सुटीचे दिवस दोन्ही यावेत. कामाच्या दिवशी आकडा घसरतो आणि सुटीत चढतो असे दिसले तर दुखणे फुप्फुसाचे आहे आणि त्याचे कारण कामाच्या जागी आहे. बहुतेक नोंदी बिघडतात त्या एकाच कारणाने: आठवड्याचे आकडे रविवारी रात्री बसून आठवणीने भरले जातात.

तिसरी गोष्ट जुन्या रंगाची. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासला किंवा बर्नरने जाळून काढला की शिशाची धूळ आणि वाफ घरभर पसरते. पोटात कळा, डोकेदुखी, चिडचिड अशी लक्षणे दिसतात, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. रक्तातील शिसे मोजण्याची चाचणी विश्वासार्ह आहे. इथे ती जरूर करावी. जुना रंग पाणी मारून ओला घासावा, चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, झाडू मारू नये.

याखेरीज अर्धशिशी (तिच्यात वास नकोसा होणे हे ठळक लक्षण असते), स्वरयंत्राची फट आकसण्याचा विकार, थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता. हे सगळे तपासून झाल्यावरच एमसीएसचा विचार करावा. क्वीसी नावाची एक प्रश्नावली १९९९ पासून वापरात आहे. तिच्यात रसायनांच्या दहा बाबींना आणि लक्षणांच्या दहा बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे असतात. दोन्हींत ४० किंवा अधिक आले तर शक्यता बरीच. ती निदान करत नाही. डॉक्टरांना बोलण्यासाठी नीट आराखडा मात्र देते.

आता कारणांबद्दल. इथे एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये.

टेक्सासमधील डॉ. क्लॉडिया मिलर यांनी दोन पायऱ्या मांडल्या. आधी एखादा मोठा किंवा दीर्घकाळचा संपर्क येतो: कीटकनाशक, थिनरसारखे सॉल्व्हंट, घराचे नूतनीकरण. त्यातून सहनशक्ती जाते, आणि मग पूर्वी सोसणाऱ्या किरकोळ गोष्टीही सोसेनाशा होतात. १९९१च्या आखाती युद्धातून परतलेल्या सैनिकांचे उदाहरण यासाठी दिले जाते. त्यांना कीटकनाशके, विषारी वायूपासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्माइनच्या गोळ्या आणि इराकमधील खमिसिया येथे शस्त्रसाठा उडवला तेव्हा सरीन वायू यांचा संपर्क आला होता; जुनाट, अनेक अवयवांच्या तक्रारी आणि वास न सोसणे त्यांच्यात अधिक आढळले. सरीन आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मज्जातंतूंतील अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, त्यामुळे ही शंका निराधार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे वाचले त्यांना पुढच्या तपासणीत वासाच्या असहनीयतेबद्दल एक प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही. तो विचारला जावा.

वॉशिंग्टनमधले उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या स्वतःच्याच मुख्यालयात, वॉटरसाइड मॉल इमारतीत, १९८७-८८ मध्ये नवे गालिचे घातल्यावर बरेच कर्मचारी आजारी पडले. संशय गालिच्याच्या पाठीला लावलेल्या लॅटेक्समधील ४-फिनाइलसायक्लोहेक्सीनवर गेला. गालिचे काढावे लागले. पण मोजलेल्या मात्रेत त्या एका पदार्थाने एवढा त्रास व्हावा असे काही सिद्ध झाले नाही. इमारतीतली हवाही नीट खेळत नव्हती. तक्रार खरी होती, दोषी मात्र एकटा सापडला नाही. एमसीएसच्या बहुतेक प्रकरणांत हेच घडते.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा, कारण तो लपवून चालणार नाही. रुग्णाला न सांगता कधी रसायन आणि कधी साधी हवा देण्याचे ३७ अभ्यास एकत्र तपासून २००६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. वासावरून फरक ओळखता येत होता तिथे रुग्णांना त्रास झाला. वास पूर्ण झाकला होता तिथे रसायनाच्या आणि साध्या हवेतला फरक त्यांच्या लक्षणांत दिसला नाही. बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठात निरोगी माणसांना दुर्गंधासोबत ७.५ टक्के कार्बन डायॉक्साइड असलेली हवा देत, त्याने धाप लागे. काही वेळा असे केल्यावर नुसत्या दुर्गंधानेही धाप लागू लागली. शरीराने वासाची आणि त्रासाची गाठ बांधली होती, माणसाने ठरवून काही केले नव्हते. नखरे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात घ्यावा. यातली धाप, धडधड, मळमळ मोजता येण्याइतकी खरी असते.

या दोन टोकांच्या मध्ये मज्जातंतूंचे एक संशोधन आहे आणि आमच्या मते सर्वांत आशा त्याच्याकडून आहे. मिरचीच्या फोडणीने ठसका लागतो तो नाक-घशातल्या मज्जातंतूंवरील टीआरपीव्ही-१ या ग्राहीमुळे, म्हणजे झोंबणारे पदार्थ टिपणाऱ्या प्रथिनामुळे. तो १९९७ मध्ये ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चे नोबेल मिळाले. त्याचा भाऊबंद टीआरपीए-१ हा फॉर्माल्डिहाइड, क्लोरीन, आयसोसायनेट आणि धुरातील अ‍ॅक्रोलीन यांनी चेतवला जातो. म्हणजे रासायनिकदृष्ट्या वेगवेगळे पदार्थ एकाच घंटेचे बटण दाबतात. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी वासाने त्रास होणाऱ्या रुग्णांना मिरचीतले कॅप्सायसिन मोजून हुंगायला दिले, तेव्हा ते इतरांपेक्षा कमी मात्रेत खोकू लागले. त्यांचे नाक जास्त तीक्ष्ण असते असे मात्र नव्हे. निरोगी माणसाला खोलीतला वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो, यांच्या बाबतीत ते सरावणे कमी पडते असे दिसते. रसायनांचा निचरा करणाऱ्या जनुकांवरही अभ्यास झाले. कॅनडात फरक सापडला, डेन्मार्कमध्ये त्याला दुजोरा मिळाला नाही.

कारणाचा वाद मिटेपर्यंत घरातल्या वस्तूंतून होणारे रसायनांचे उत्सर्जन कमी करणे सर्वांच्याच हिताचे आहे, एमसीएस असो वा नसो. त्यात मोठा वाटा फर्निचरचा. बाजारातला एमआर (ओलावा सोसणाऱ्या) ग्रेडचा प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ साधारणपणे युरिया-फॉर्माल्डिहाइडने चिकटवलेले असतात. ओलसर, उबदार हवेत हा डिंक हळूहळू सुटतो आणि फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नव्या कपाटाचा दर्प पुन्हा वाढतो तो यामुळे. आयएस ७१० मानकाचा बीडब्ल्यूपी (उकळते पाणी सोसणारा) प्लाय फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा असतो, त्याचे उत्सर्जन पुष्कळ कमी. महाग पडत असेल तर निदान झोपण्याच्या खोलीपुरता तो वापरावा, किंवा कमी फॉर्माल्डिहाइडचा ई-१ वा ई-० असा शिक्का पाहून घ्यावा. सुतार हमखास चुकतात ती जागा म्हणजे कापलेल्या कडा आणि बिजागरीची भोके: उत्सर्जन तिथून सर्वाधिक होते. बाहेरून सनमायका आणि आतून कोरे लाकूड असे कपाट ठेवू नये. आतून ०.८ मिमीचा लायनर लावावा, सर्व कडांना पट्टी बसवावी, न दिसणाऱ्या मागच्या कडेलाही. मेलामाइन पॉलिशमधूनही फॉर्माल्डिहाइड निघतो. पाण्यात मिसळणारे पॉलिश मिळते ते मागावे. भिंतींना पाण्यावरचा इमल्शन, आणि ऑइलपेंट फक्त ग्रिलपुरता. जपानने जुलै २००३ पासून घरबांधणीत फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या साहित्यावर मर्यादा घातली आणि वाळवीचे क्लोरपायरिफॉस घरांत बंद केले. आपल्याकडे वाळवीसाठी २० टक्क्यांचे क्लोरपायरिफॉस एकास एकोणीस भाग पाण्यात मिसळून पायाशी ओतण्याची पद्धत जुनी आहे.

काम ऑक्टोबरच्या उन्हात उरकणे फायद्याचे, कारण उष्णतेने वाफ लवकर निघून जाते. मात्र हवा बाहेर काढावी लागते. एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावायचा, समोरची खिडकी उघडी, कपाटांची दारे आणि ड्रॉवर उघडे, आणि घरातली लहान मुले, गरोदर स्त्री, दम्याचा रुग्ण दुसरीकडे. खिडक्या लावून स्प्लिट एसी सुरू ठेवणे ही सर्रास होणारी चूक. तो आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू पकडत नाही. साधा सक्रिय कोळसा सॉल्व्हंट शोषतो, पण फॉर्माल्डिहाइडला तो पुरत नाही. ओझोन सोडणारी यंत्रे तर घेऊच नयेत, कारण ओझोन आणि लिंबाच्या वासाचे लिमोनीन एकत्र आले की फॉर्माल्डिहाइड नव्याने तयार होतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त फॉर्माल्डिहाइड मीटर सॅनिटायझर किंवा अत्तरानेही लाल आकडा दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, ३० मिनिटांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, त्यांच्यावरून ठरवता येत नाही.

डासांच्या अगरबत्तीबद्दल एवढेच सांगतो: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. खिडकीला जाळी बसवावी. नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांनी, तांबड्या पेशींना जपणारे जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात. ट्रंकेतले कपडे बाळाला घालण्याआधी धुऊन उन्हात टाकावेत.

नेमके कशाने त्रास होतो हे शोधायचे तर घरातली एकच गोष्ट एका वेळी बदलावी आणि दोन आठवडे थांबावे. आधी सुगंधी डिटर्जंट आणि कपड्यांचे कंडिशनर, मग रूम फ्रेशनर, मग फिनाइल, मग धूप. वहीत वेळ, जागा, वास आला की नाही, लक्षण, किती वेळाने आले, किती वेळ टिकले, झोप आणि जेवण कसे होते, एवढे लिहावे. सगळे एकदम बंद केले तर बरे वाटते, पण कशामुळे ते कळत नाही, आणि मग माणूस सगळ्यालाच घाबरू लागतो. इथे एक मोठा खड्डा आहे. आज अत्तर टाळले, उद्या लग्नसमारंभ, परवा बस, मग नोकरी, असे करत माणूस एका खोलीत अडकतो. टाळायचे ते वहीत पुन्हा पुन्हा दिसलेले. बाकीचे हळूहळू, थोड्या मात्रेत, परत आणावे. श्वास अडकण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांनी मात्र हे घरी करून पाहू नये. लेबलवर ‘अनसेंटेड’ असेल त्यातही मूळ वास झाकणारा सुगंध असू शकतो, ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधावे.

एमसीएसवर सिद्ध झालेले औषध नाही. डेन्मार्कमध्ये माइंडफुलनेसवर आधारित उपचाराची चाचणी झाली. मूळ त्रास घटला नाही, आजाराकडे पाहण्याची दृष्टी मात्र सुधारली. सोबत अर्धशिशी, झोप न लागणे, नैराश्य असेल तर त्यावर उपचार जरूर घ्यावेत. ते घेतल्याने वासाचा त्रास खोटा ठरत नाही. केसांतील धातूंची चाचणी, आयजीजीचे फूड पॅनेल, घाम काढून विष काढण्याची शिबिरे यांवर पैसे घालवू नयेत. संशयित अन्नपदार्थाचे कातडीखाली थोडे इंजेक्शन देऊन लक्षण उठवायचे आणि दुसऱ्या मात्रेने ते शमवायचे, ही पद्धत १९९० मध्ये १८ रुग्णांवर, कोणते इंजेक्शन खरे ते न सांगता, तपासली गेली: खऱ्या इंजेक्शनांपैकी २७ टक्क्यांनी लक्षणे आली, नुसत्या पाण्याच्या द्रावाने २४ टक्क्यांनी. शिसे वगैरे वाढल्याचे रक्तात दिसल्याशिवाय चिलेशन, म्हणजे औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढणे, करून घेणे धोक्याचे आहे. चुकीचे औषध शिरेतून गेले तर रक्तातील कॅल्शियम घसरून जीव जाऊ शकतो.

हाउसिंग सोसायट्या आणि कचेऱ्यांना आमची मागणी छोटी आहे. पेस्ट कंट्रोलच्या ४८ तास आधी फलकावर औषधाचे नाव, तीव्रता आणि वेळ लिहावी. झुरळांसाठी फवारणीऐवजी जेलचे ठिपके बिजागरीत आणि सिंकखाली लावून घ्यावेत, आणि त्यावर पुन्हा फवारणी करू नये, कारण मग झुरळे जेल खात नाहीत. धूरफवारणीच्या वेळी खिडक्या लावून घ्याव्यात आणि धूर विरल्यावर उघडाव्यात. कचेरीचे रंगकाम शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारपर्यंत पंखे चालू ठेवावेत, वीज वाचवण्यासाठी बंद केलेले एसीचे ताज्या हवेचे झडप उघडावे, आणि साधा कार्बन डायॉक्साइड मीटर भिंतीवर टांगावा: दुपारी माणसे भरलेली असताना आकडा १००० पीपीएमच्या वर राहत असेल तर हवा पुरेशी येत नाही. एखाद्या सहकाऱ्याने वासाची तक्रार केली तर त्याची जागा खिडकीजवळ करावी आणि त्या खोलीतला रूम फ्रेशनर काढावा. यासाठी डॉक्टरचा दाखला मागत बसू नये.

आपले,
व्यवसायजन्य आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर, पुणे